कानावरच्या वाटक्या

"म्हातारपणी माणूस देवाचं नाव घेते, नातवंडं खेळवते. यानं कानाले वाटक्या लावून घेतल्या!"

मनकर्णाबाई हे सुनेला सांगत होत्या, पण आवाज बैठकीपर्यंत पोहोचेल असा लावला होता. बैठकीत रामराव डोळे मिटून खुर्चीत बसले होते. दोन्ही कानांवर काळ्या, जाड गादीच्या दोन वाटक्या पालथ्या घातलेल्या, त्यांना जोडणारी पट्टी डोक्यावरून गेलेली, आणि एका वाटकीतून निघालेली वायर बंडीच्या खिशात शिरलेली. मनकर्णाबाईंचा आवाज तिथवर गेला, वाटक्यांना धडकला आणि आल्या पावली परत आला. रामरावांनी नुसती मान डोलावली आणि म्हणाले, "हाव."

"पाह्यलं पूनम? हाव म्हणून राह्यले. कशाले म्हणून राह्यले ते त्या तबल्यालेच माहीत."

पूनमनं भाकरी उलटली आणि ओठ आवळून हसू दाबलं. या घरात सासूच्या बोलण्यावर हसायचं असलं तर ते भाकरीच्या आडूनच हसावं लागे.

वडनेर भोलजीच्या भजनी मंडळात रामरावांनी उभी हयात तबला वाजवला. मग बोटं आखडली. वाजवणं सुटलं तेव्हा माणूस ऐकण्याच्या मागं लागला. आधी त्यांनी भिंतीएवढा स्पीकरचा डब्बा आणला. तो वाजायला लागला की फडताळातली ताटं थरथरत आणि मनकर्णाबाईंच्या मालिकेतली सून काय म्हणाली ते कळत नसे. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "या घरात एक तं हा डब्बा राहीन, नाही तं मी." यावर रामराव खरोखरच विचार करायला लागले, तेव्हा धाकट्या लेकीनं, अर्पितानं, घाईघाईनं दोघांना खामगावला नेलं.

अर्पिता नांदुऱ्याच्या शाळेत शिकवायची. समजूतदार पोर. दुकानदार दीपक तिच्या ओळखीचा होता. त्यानं काचेवर दोन हेडफोन मांडले.

"काका, घरी बसून ऐकाचे ना? रस्त्यानं फिराचं नाही ना? मंग चांगलेच घ्या. यात दोन जाती आहेत. हे मागून उघडे. ओसरीत बसून ऐकल्यावानी मोकळा आवाज येते. घरचं बोलणंही कानावर पडते. अन् हे मागून बंद. गाणं लावलं की आतलं आत अन् बाहेरचं बाहेर."

रामरावांनी उघडे कानावर चढवले. दीपकनं फोनवर तबला लावला. क्षणभरात रामरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि कानांवर काही असलं की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, "ओहोहो! बायाचा आवाज! अर्पिता, बायाचा आवाज पाह्य कसा घुमून राह्यला! जिंदगीत बाया असा ऐकला नाही!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "कोणत्या बायाचा आवाज? भरल्या दुकानात वय काय, बोलून काय राह्यले!"

"आई, बाया म्हणजे तबल्यातला डावा," अर्पिता कानात पुटपुटली.

"डावा असो का उजवा. उघडं-वाघडं माह्या घरात चालत नाही. बंदवालेच द्या."

"उघडे बरे होते," रामराव हळूच म्हणाले. एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

तर असे ते बंदवाले घरी आले आणि मनकर्णाबाईंच्या जिवाला घोर लागला. आधी रामरावांच्या डोक्याचं तेल गाद्यांना लागलं, म्हणून त्यांनी जुन्या धोतराच्या खोळी शिवून चढवल्या. मग वायर खुर्चीच्या हाताला अडकली आणि खुर्ची रामरावांच्या मागं मागं न्हाणीपर्यंत गेली. हेही त्यांनी सोसलं असतं. पण गिरणीवर दळणाच्या रांगेत शेजारची सुवर्णा म्हणाली, "काकू, काकाले कानाचं मशीन लावलं म्हणते. एवढं मोठं लागलं? बाई बाई! काहीच ऐकू येत नाही काय?"

मनकर्णाबाईंच्या हातातली पायली तिथंच थांबली. कारण अर्पिताची सोयरीक तेव्हाच तर जुळत आली होती. दुसरबीडच्या अर्जुनरावांचा मुलगा प्रज्वल मलकापुरात नोकरीला होता. शाळा नांदुऱ्यात, पोरगा मलकापुरात आणि माहेर मधोमध. असं स्थळ हातात दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. आणि आता गावभर होणार की बाप ठार बहिरा! उद्या दुसरबीडकर पोरीच्या कानाशी ताट वाजवून पाहतील!

घरी येताच त्यांनी ट्रंकेतला तपकिरी मफलर काढला आणि वाटक्यांसकट रामरावांचं डोकं गच्च आवळून हनुवटीखाली गाठ मारली. "थंडीचे दिवस आहेत. कोणी इचारलं तं सर्दी आहे सांगा. सोयरीक पक्की होईस्तोर हे मशीन कोणाले दिसलं तं याद राखा."

रामरावांनी मान डोलावली. "हाव."

त्यानंतरच्या गुरुवारी मध्यस्थ पंजाबराव आले. मनकर्णाबाई मागच्या अंगणात तूर पाखडत होत्या. बैठकीतून बोलण्याची गुणगुण ऐकू आली तशी त्यांनी सूप टाकलं, पूनमला चहा ठेवायला सांगितला आणि पदर डोक्यावर घेत बाहेर आल्या. पंजाबराव खुशीत मांडीवर हात आपटत होते. रामराव मफलरात गुरफटून डोलत होते.

"वहिनी, तोंड गोड करा! सगळं जमवून टाकलं. आमचा रामभाऊ म्हणजे कमी बोलन, पण बोलला की बोलला. म्या म्हटलं, येत्या रविवारी दुसरबीडची सारी भावकी गाडी करून येते, चालन ना? भाऊ म्हणे, हाव. म्या म्हटलं, पाहुण्याची फर्माइश आहे, रोडगे अन् वांग्याची भाजी पाह्यजे. भाऊ म्हणे, हाव. मंग म्हटलं, भाऊ, एक अवघड गोष्ट आहे. अर्जुनराव म्हणतात का लग्न झालं की पोरीनं शाळेची नोकरी सोडाची. भाऊनं जरा वेळ घेतला. बापाचं काळीज आहे, घेईनच ना. पण मंग म्हटलं, हाव!"

पूनमनं आणलेला चहा तसाच खाली ठेवला. मनकर्णाबाई रामरावांकडे पाहत राहिल्या. मफलराच्या दोन्ही बाजूंना दोन टेंगळं आली होती, आणि त्या टेंगळांच्या मधला नवरा डोळे मिटून सुखानं मान हलवत होता.

"शब्द कळवून टाकतो मंग दुसरबीडले," पंजाबराव चहा संपवत म्हणाले. "रामभाऊचा शब्द. त्याच्यावर कोण बोलन?"

ते फाटकाबाहेर पडले न पडले तोच मनकर्णाबाईंनी मफलर ओढून काढला, वाटक्या उचलल्या आणि विचारलं, "काय म्हटलं तुम्ही पंजाबरावले?"

रामरावांनी डोळे उघडले. "पंजाबराव आले होते?"

मनकर्णाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या, फळीवर चार्जिंगला लावलेला फोन उपसला आणि लेकीला लावला.

"हां बाबा, बोला," अर्पिता म्हणाली.

"बाबा नाही, मी आहो. तुह्या बाबानं तुही नोकरी सोडून देली."

सगळं ऐकून अर्पिता रागावली नाही, ओरडली नाही. नुसती शांतपणे म्हणाली, "आई, मी नोकरी सोडणार नाही. मग लग्न नाही झालं तरी चालेल." ही पोर शांतपणे बोलली की मनकर्णाबाईंना कापरं भरे, कारण ते वळण बापाचं होतं.

त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. दोन्हीकडून कोंडी झाली होती. शब्द मागं घ्यायचा तर सांगावं लागणार की आमच्या यांना ऐकूच गेलं नाही. का नाही गेलं? बहिरे आहेत, असं म्हणावं तर सोयरीक गेली. बरं, बहिरे नाहीत, लेकीच्या लग्नाचं बोलणं चाललं असताना हे तबला ऐकत बसले होते, असं खरं सांगावं तर लोक म्हणतील बाप येडा आहे. येड्याच्या घरची पोरगी कोण करतं? आणि गप्प राहावं तर पोरगी हातची जाते.

"पूनम, तूच सांग वं. बहिरा बरा का येडा बरा?"

"आई, बाबा काय म्हणतात?"

"ते काय म्हणतात? हाव म्हणतात!"

शनिवारी संध्याकाळी त्यांनी हेडफोन धुतलेल्या पिशवीत गुंडाळले आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल पुरले. "उद्या कान मोकळे ठेवा. कोणी काही इचारलं तं आधी माह्याकडे पाहा. मी नाकाले पदर लावला तं नाही म्हणाचं. समजलं?"

"हाव," रामराव म्हणाले. या वेळी कानांवर काही नव्हतं, तरी मनकर्णाबाईंना भरवसा वाटला नाही.

रविवारी अंगणात गोवऱ्यांचा आर फुलला होता. त्यात रोडगे भाजत होते आणि बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. गाडी आली. भावकी उतरली. अर्जुनराव पुढे झाले, पांढरे कपडे, भरघोस मिशा. त्यांनी रामरावांचे दोन्ही हात धरले, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि ओरडले, "राम राम पाहुणं! तब्येत बरी हाय का?"

वळचणीचे पारवे उडाले. रामराव दचकून मागे सरले. अर्जुनरावांची बायको मंजुळाबाई मनकर्णाबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. आम्हाला कळलंय. तुमच्या शेजारच्या सुवर्णाची मावशी आमच्याच गल्लीत राहती."

मफलर फुकट गेला होता. बैठकीत सगळे बसले तेव्हा तर कहरच झाला. जो तो रामरावांशी हातवारे करून आणि बोंबलून बोलत होता. "पाऊस! बरा! झाला का?" रामराव हळू आवाजात उत्तर देत, तर लोक एकमेकांना म्हणत, बिचाऱ्याला आपलाही आवाज कळत नसावा. प्रज्वल मान खाली घालून बसला होता. आतल्या दारात अर्पिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि एका म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहून शेजाऱ्याला विचारलं, "हिला येतं ना ऐकू?"

हे मात्र मनकर्णाबाईंना सोसलं नाही. पदर खोचला, स्वयंपाकघरात गेल्या, डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवी घेऊन बैठकीत आल्या. हेडफोन सगळ्यांच्या मधोमध ठेवले. तुरीची डाळ जमिनीवर सांडली.

"हे पाहा! हे मशीन बहिऱ्याचं नाही! गाणं ऐकाचं आहे! आमच्या माणसाले गल्लीच्या त्या कोनातली मांजर चालली तं ऐकू येते!"

सगळे पुढे वाकून पाहायला लागले. मनकर्णाबाईंना वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात पंजाबराव सावकाश उभे राहिले.

"थांबा वहिनी. गुरुवारी म्या आलो तं भाऊच्या डोक्याले मफलर होता. अन् दोनी बाजूनं टेंगळं होते. म्हणजे म्या इथं पोरीच्या लग्नाचं बोलून राह्यलो होतो अन् हा गाणं ऐकून राह्यला होता? अन् ते हाव?"

"ते समेले म्हटलं," रामराव नम्रपणे म्हणाले. "तालाची सम आली की तोंडातून निघते."

अर्जुनरावांच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे आमच्या शब्दाची ही किंमत? आम्ही इथं भावकी घेऊन आलो, अन् तुम्ही..." ते उठायला लागले. भावकी उठायला लागली. अर्पितानं ट्रे खाली ठेवला. प्रज्वलनं पहिल्यांदाच मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मंजुळाबाईंनी पाहिलं.

"पाहुणे," रामराव म्हणाले, "जाचंच असन तं जा. पण एवढं ऐकून जा." आणि अर्जुनराव काही बोलायच्या आत त्यांनी वाटक्या त्यांच्या कानांवर चढवल्या, आत जाऊन फोन आणला, वायर जोडली आणि तबला लावला. आवाज पुरता वाढवला.

अर्जुनराव अर्धे उठले होते, ते तसेच खाली बसले. आधी कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग डोळे मिटले. मग बोटं मांडीवर चालायला लागली. सगळी भावकी आ वासून बघत होती. एकाएकी त्यांनी हात उचलला, मान मोठ्यानं झटकली आणि घर दणाणेल असे म्हणाले, "हाव!"

मनकर्णाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेची पायरी त्या दुसऱ्या इयत्तेनंतर चढल्या नव्हत्या, पण बाजारात वांगी विकता विकता त्यांना एक गोष्ट कळली होती. गिऱ्हाईक डोलायला लागलं की बोलायला वेळ लावू नये. त्या अर्जुनरावांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले आणि सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल असं विचारलं, "पाहुणे, लग्न झाल्यावर आमच्या अर्पिताची नोकरी चालू राहीन. चालन ना?"

अर्जुनरावांचे डोळे मिटलेलेच होते. बोटं चालत होती.

"हाव! हाव!" अर्जुनराव म्हणाले.

"झाला शब्द!" मनकर्णाबाई गरकन वळल्या. "पंजाबराव, ऐकलं ना? गुरुवारचा हाव खरा असन तं हाही खरा. अन् हा खोटा असन तं तोही खोटा. बोला!"

प्रज्वल घाईघाईनं म्हणाला, "आमचे बाबा दिलेला शब्द मोडत नाहीत." आणि मंजुळाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मोडू देतंय कोण? लेकराच्या मनातलं मी आत्ताच ओळखलंय. सुनेची नोकरी सोडवू नका म्हणून ह्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, ऐकलं नाही. हे मशीन आमच्याकडं आधीच पाहिजे होतं बाई!"

अर्जुनरावांनी वाटक्या काढल्या तेव्हा सगळं घर हसत होतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मंजुळाबाईंनी सांगितलं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हातातल्या वाटक्यांकडे पाहिलं आणि मिशीला पीळ दिला. "म्हणलो असेन तर म्हणलो. पण पाहुणं, तो डावा काय घुमतोय! हे कुठं मिळतं?"

रोडगे वाढले गेले, तुपाची धार धरली गेली, सुपारी फुटली. ऊन कलताना गाडी दुसरबीडकडे निघाली. अर्पिता भावजयीच्या गळ्यात पडून हसत होती. मनकर्णाबाई चहा मांडायला स्वयंपाकघरात गेल्या. अंग हलकं झालं होतं. घराची अब्रू, पोरीची नोकरी, सोयरीक, सगळं आपल्या एका प्रश्नानं वाचलं, असं मनाशी घोळवत त्यांनी पातेलं काढलं. तेवढ्यात त्यांची नजर फळीवर गेली. रामरावांचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

मनकर्णाबाई पातेलं घेऊन तशाच थांबल्या. गुरुवारी पंजाबराव गेल्यावर आपण अर्पिताला फोन लावला तो इथूनच. याच फळीवरून. ती म्हणाली होती, हां बाबा, बोला.

मग गुरुवारी हे तबला कशावर ऐकत होते?

त्या पाय न वाजवता बैठकीत आल्या. रामराव खुर्चीत बसले होते. वाटक्या कानांवर, वायर बंडीच्या खिशात, डोळे मिटलेले, मान संथ डोलत होती. मनकर्णाबाई मागे उभ्या राहिल्या आणि मांजर चालावी इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "चहा मांडू काय?"

"हाव," रामराव म्हणाले.

मग त्यांचा एक डोळा उघडला.

मनकर्णाबाईंनी बंडीच्या खिशातून वायर ओढली. टोक मोकळं होतं. नुसतंच लोंबत होतं.

"म्हणजे पंजाबराव आले होते तेव्हाही?"

रामरावांनी वाटक्या गळ्यात उतरवल्या. "दारातच नाही म्हटलं असतं तं पंजाबराव तिथूनच परतले असते. दुसरबीडची गाडी आलीच नसती. त्याईले आधी पोरगी पाहू दे म्हटलं, नोकरीचं मंग पाहू. मशीन तू डब्यातून काढशीनच, हे माहीत होतं. अन् एकदा अर्जुनराव डोलाले लागले की पुढचं तुह्या तोंडावर सोडलं. ते तोंड कधी चुकलं नाही."

"अन् मी चार दिवस जेवली नाही ते?"

रामराव वायर बोटाला गुंडाळायला लागले. मनकर्णाबाईंनी पातेलं दुसऱ्या हातात घेतलं, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकाला सुवर्णाच्या ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"बहिरे नाही तुम्ही, अन् येडे तं मुळीच नाही. तुम्ही एक नंबरचे लबाड आहा! चहा भेटन, पण बिनसाखरेचा. अन् त्या वाटक्या काढून ठेवा आधी, कारण मी आता बोलाले सुरुवात करून राह्यली!"